कोकणातलं जुनं सिनेगॉग सावरताना: छपरापासून मलिद्यापर्यंत

रेवदंड्याचं बेथ एल 1842 चं, अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ 1848 चं, पनवेलचं 1849 चं आणि पेणचं 1863 चं. बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाची, ही प्रार्थनालयं दीडशे-पावणेदोनशे पावसाळे काढून उभी आहेत. भिंती जांभ्याच्या, चुन्यात बांधलेल्या. लाकूड सागवानी आणि वर कौलं. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण वास्तू इथेच राहिल्या. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं येतात, हिवाळ्यात अश्दोद, दिमोना, बीरशेबाहून नातवंडं आजोबांचं गाव शोधत येतात. अशी एखादी वास्तू दुरुस्त करून ती समाजाची आणि संस्कृतीची जागा म्हणून पुन्हा चालती करायची, तर काम कोणत्या क्रमाने आणि कसं करावं ते इथे सांगितलं आहे.

पहिला निर्णय वापराचा. तो ट्रस्टी, मुकादम (सिनेगॉगचा कारभारी) आणि नियमित येणारी कुटुंबं यांनी एकत्र बसून, आर्किटेक्टला बोलावण्याआधी घ्यावा. मुख्य दालन प्रार्थनेचंच ठेवावं, असं आमचं ठाम मत आहे. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथाच्या मगिला भागात म्हटलंय की सिनेगॉग पडीक झालं तरी त्याचं पावित्र्य जात नाही. तिथे दोर वळू नयेत, जाळी पसरू नयेत, छपरावर फळं वाळत घालू नयेत, पलीकडे जायची जवळची वाट म्हणूनही त्यातून जाऊ नये. म्हणून जेवण, कीर्तन, व्याख्यानं, प्रदर्शन यांसाठी पडवी, तळमजला, आवारातली जुनी खोली किंवा हलका मांडव वापरावा. दालनात खुर्च्या मांडून ‘बहुउद्देशीय सभागृह’ केलं, की दोन वर्षांत तेवा (प्रार्थना म्हणायचं लाकडी व्यासपीठ) अडचण वाटायला लागते आणि कोणीतरी ती हलवायची सूचना करतं. केरळात चेंदमंगलमचं सिनेगॉग सरकारने उत्तम दुरुस्त केलं, तिथे समाजाचा इतिहासही नीट मांडला. पण गावातले यहुदी 1950 च्या दशकात इस्रायलला गेले होते, त्यामुळे ते संग्रहालय होणं साहजिक होतं. कोकणात वर्षातून चार वेळा का होईना, दहा पुरुषांचा मिन्यान, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारी किमान संख्या, जमतो. जिथे तो जमतो तिथे वास्तूचा विचार प्रार्थनेपासूनच सुरू व्हावा.

कागद आधी

बहुतेक सिनेगॉग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेली असतात. ट्रस्टी बदलले आणि 90 दिवसांत बदल अहवाल गेला नाही, तर पुढे बँक, अनुदान, परवानगी सगळंच अडतं. म्हणून आधी परिशिष्ट एकचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीचा, उतारा काढून त्यावरची नावं आज हयात आहेत का ते बघा. आवारातली खोली उत्पन्नासाठी भाड्याने द्यायची असेल, तर तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या कराराला कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेला करार वैध ठरत नाही, आणि भाडेकरू मात्र आत बसलेला राहतो.

इस्रायलमधले नातेवाईक पैसे पाठवायला तयार असतात. ते इस्रायलचे नागरिक असतील तर ती परदेशी देणगी ठरते. ट्रस्टकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं ठरावीक खातं असल्याशिवाय ती घेता येत नाही. ‘माझ्या खात्यावर टाका, मी ट्रस्टला देतो’ हा मार्ग कधीही धरू नका. त्यात चांगल्या हेतूची माणसं अडकतात.

वास्तू वारसा यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे नगरपालिकेत विचारून लेखी घ्यावं. अंदाजपत्रकात अनपेक्षित खर्चासाठी 15 ते 20 टक्के वेगळे धरा. जुन्या छपराखाली काय निघेल ते कौलं उतरल्याशिवाय कळत नाही.

सेफेर तोरा आणि जुने कागद

मजूर आवारात येण्यापूर्वी सेफेर तोरा, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेले तोराचे पवित्र ग्रंथ, हलवायचे. शेजारच्या चालू सिनेगॉगच्या हेखालात (तोरा ठेवायच्या पवित्र कपाटात) जागा ठरवून, हजानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) सोबत घेऊन, चार माणसांनी ते न्यावेत. आपल्याकडे तोरा उभ्या लाकडी पेटीत असतो. पेटी आडवी ठेवली की आतल्या दांड्यांवर आणि चर्मपत्रावर ताण येतो, म्हणून गाडीतही ती उभीच धरावी. डांबराच्या गोळ्या आत टाकू नयेत. सिलिका जेल ठेवायचं तर कापडी पिशवीत आणि चर्मपत्राला लागणार नाही असं. एखादं अक्षर उडालं असेल किंवा शिवण सुटली असेल, तर हात फक्त सोफेरने, म्हणजे तोरा लिहिणाऱ्या लेखनिकाने, लावायचा. सेलोटेपच्या पट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून शाई घेऊन सुटतो आणि मग सोफेरचाही इलाज चालत नाही.

माळ्यावर, हेखालच्या मागे, बाकांच्या खणांत फाटके सिद्दूर (प्रार्थनापुस्तकं), मराठी-हिब्रू हगादा (पेसाह या सणाला वाचायच्या पोथ्या), जुन्या लग्नाच्या केतुबा (विवाहाचे करारनामे) सापडतात. ‘रद्दी’ म्हणून एकही कागद बाहेर जाऊ देऊ नका. आधी प्रत्येक गठ्ठ्याचा तो जिथे सापडला तिथेच फोटो काढा, मग झाकणाच्या खोक्यात भरा. देवाचं नाव असलेले आणि वापरापलीकडे गेलेले कागद गनिजाचे. ते दफनभूमीत पुरायचे. पण पुरण्याआधी जाणत्या माणसाने चाळून घ्यावेत. मुंबईत 1846 मध्ये शिळाप्रेसवर आणि पुण्यात 1874 मध्ये मराठी भाषांतरासह हगादा छापल्या गेल्या. अशी प्रत चुकून मातीत जायला नको. ट्रस्टच्या वह्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी, देणगीदारांच्या याद्या 400 डीपीआयने स्कॅन करून दोन वेगळ्या गावी ठेवा.

छप्पर पहिलं

किनाऱ्यावर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिंत कितीही सुंदर रंगवा, पन्हाळ गळत असेल तर दोन वर्षांत सगळं परत सुरू. कोचीतल्या मट्टनचेरीच्या कडवुंबागम सिनेगॉगचं आतलं कोरीव लाकूडकाम जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये सुखरूप आहे, पण मूळ वास्तू दुर्लक्षित राहिली आणि 2019 च्या पावसात तिचा पुढचा भाग कोसळला.

कामाच्या वेळापत्रकाला इथे एक चांगली सोय आहे. नव्याचा सण, दार फळनीचा सण, सुक्कोथ आणि सिम्हाथ तोरा हे सगळे सण ऑक्टोबर अखेरपर्यंत उरकतात आणि तेवढ्यातच पाऊसही जातो. त्यानंतर छप्पर उघडायचं आणि मे महिन्याच्या 15 तारखेआधी बंद करायचं. मधे पेसाह येतो, म्हणजे आमच्या जुन्या लोकांचा अनाशी धाकाचा सण. तेव्हा आठ-दहा दिवस काम थांबेल असं ठेकेदाराच्या करारातच लिहा. शब्बाथला, शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, आवारात काम होणार नाही हेही त्यात हवं. नंतर सांगितलं की ठेकेदार मजुरी मागतो आणि वाद होतो.

कौलं उतरवताना प्रत्येक कौल वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द आवाज आला तर बाजूला. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात. नवी घेताना दहा टक्के जास्त घ्या आणि ती आवारात रचून ठेवा, कारण पाच वर्षांनी त्याच मापाची मिळत नाहीत. जुनी चांगली कौलं रस्त्याकडच्या उतारावर, नवी मागच्या उतारावर लावा. एकाच उतारावर दोन्ही मिसळली तर खाचा नीट बसत नाहीत आणि वाऱ्याचा पाऊस आत येतो. कौलांखाली प्लास्टिकचा कागद सलग अंथरायची टूम निघाली आहे. खालून हवा खेळत नसेल तर त्या कागदाखाली दव धरतं आणि रिपा कुजतात.

वाशांपेक्षा जास्त लक्ष तुळयांच्या टोकांकडे हवं. तुळई मधे ठणठणीत असते आणि भिंतीत गेलेलं वीतभर टोक मात्र भुसा झालेलं असतं. बारीक सुळा टोचून बघा. सहज आत गेला तर तेवढा भाग काढून त्याच जातीच्या, नीट वाळलेल्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान अडीच-तीन पट ठेवा. सबंध तुळई बदलायची घाई करू नका. टोक परत भिंतीत बसवताना बाजूंनी बोटभर मोकळी जागा ठेवा. सिमेंट ठासून भरलं की तेच टोक पुन्हा कुजतं. वाळवी आणि भुंग्यासाठी आतल्या लाकडाला बोरिक अ‍ॅसिड आणि टाकणखार एकास दीड या वजनी प्रमाणात, पाण्यात पाच-सहा टक्के विरघळवून, ब्रशने दोन-तीन हात द्यावेत. हे द्रावण पावसाच्या पाण्याने धुऊन जातं, म्हणून बाहेरच्या लाकडाला त्याचा उपयोग नाही.

भिंती: सिमेंट काढा, चुना परत आणा

कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या सिनेगॉगला मागच्या चाळीस-पन्नास वर्षांत कोणीतरी श्रद्धेने सिमेंटचं प्लास्टर आणि ऑइल पेंट लावलेला असतो. जांभा पाणी पितो आणि सोडतो. त्याला सोडायला वाट मिळाली नाही की पाणी भिंतीत चढत राहतं, सोबत क्षार येतात, ते प्लास्टरच्या मागे फुलतात आणि पापुद्रे सुटतात. छातीच्या उंचीपर्यंत फुगलेली भिंत आणि वर कोरडी, असं दिसलं की कारण हेच समजा.

त्याआधी बाहेर बघा. दर काही वर्षांनी गल्लीचा रस्ता वर येतो, आवारात पेव्हर ब्लॉक बसतात आणि जमीन जोत्याला टेकते. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान वीतभर खाली हवी, उतार भिंतीपासून दूर, आणि भिंतीलगत दोन फुटांची पट्टी फरशीविना, खडीची. हे एवढं केल्यावर अर्धी ओल आपोआप कमी होते. भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचा खर्च बरेचदा लागतच नाही.

सिमेंट हाताने, छिन्नीने काढायचं. ब्रेकर मशिनने जांभ्याचे कोपरे उडतात. भिंत उघडी झाली की वर आलेला पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडून सुपडीत भरून बाहेर न्या; पाण्याने धुतलात तर तोच परत आत जातो. मग साध्या स्वच्छ पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा दोन सेंटीमीटर जाडीने थापा, पूर्ण वाळू द्या, काढून टाका. तीन वेळा केलं तर फरक दिसतो. जाड भिंत महिन्याला इंचभर वाळते असा ढोबळ हिशोब धरा. म्हणून बाहेरून पावसाळ्यापूर्वी चुन्याचा पहिला थर द्यावा, आणि आतून मात्र भिंत पुढच्या मोसमापर्यंत उघडी ठेवावी. देणगीदारांना ही उघडी भिंत पाहवत नाही आणि ते प्लास्टरची घाई करतात. त्यांना कारण आधीच समजावून सांगावं.

चुना विरवताना पाण्यात खडे टाकायचे, खड्यांवर पाणी ओतायचं नाही. उकळून उडालेला चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. विरलेला चुना गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून निदान तीन आठवडे, जमल्यास तीन महिने मुरवावा. म्हणजे चुन्याची टाकी छप्पर उघडण्याच्या आधीच भरलेली हवी. पहिल्या थराला एक भाग चुना, तीन भाग वाळू. ओलीच्या पट्ट्यात एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग वाळू. वाळू नदीची, धुतलेली. खाडीची वाळू वापरली तर क्षार आपणच भिंतीत घातल्यासारखं होतं. थराची जाडी 10 ते 12 मिलिमीटर. दुसरा थर निदान आठवड्याने. गोणपाट ओलं करून आठ-दहा दिवस भिंतीपुढे टांगा, कारण चुना भसकन वाळला की भुगा होतो. हिरडा-गुळाचं पाणी गवंड्याला माहीत असेल तर बेताने घालू द्या. गूळ जास्त झाला तर मुंग्या लागतात आणि थर घट्ट व्हायला वेळ घेतो. शेवटी चुन्याची सफेदी, दुधासारखी पातळ, दिवसाआड पाच हात. दोनच जाड हात दिले तर हाताला लागते आणि पापुद्रे निघतात.

रंग ठरवण्याआधी शोध घ्या. हेखालच्या आसपास, खांबावर, दाराच्या चौकटीवर एका ओळीत एकेक सेंटीमीटरचे चौकोन करून शस्त्रक्रियेच्या पात्याने एकेक थर खरवडत जा. जिन्याच्या पायऱ्यांसारखे रंग खालून वर दिसतात. मुंबईच्या काळा घोड्याजवळच्या केनेसेथ एलियाहूचं उदाहरण इथे जरूर अभ्यासावं. 1884 ची ती वास्तू विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन 2019 मध्ये पुन्हा खुली झाली आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला. ते मोठ्या खर्चाचं, बगदादी यहुदी घराण्याचं सिनेगॉग. कोकणातली आपली साधी आहेत. तिथली रंगीत काच, संगमरवर इथे आणायचा मोह नको. तिथून घेण्याची गोष्ट म्हणजे कामाची पद्धत: आधी नोंद, मग हात.

दालनातल्या वस्तू

भारतातून जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून हेखाल पश्चिमेच्या भिंतीत आणि तेवा मधोमध. फरशी बदलताना तेवा उचलावी लागली तर तिच्या चारही पायांची जागा भिंतीपासून मोजून लिहून ठेवा. एलियाहू हनबीची (एलियाहू प्रेषिताची) खुर्ची, बाक, कठडे यांवर पॉलिएस्टरचं चकचकीत पॉलिश नको. जुना रंग सावकाश काढून जवस तेल किंवा चपड्याचं पॉलिश द्या. चांदीचे रिम्मोनीम (तोरावर लावायचे शोभेचे कळस) पॉलिशवाल्याकडे पाठवू नका. बफिंगच्या चाकावर कोरलेली नावं पुसट होतात, आणि त्यावर देणाऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, कधी मृत मुलाचंही नाव असतं. मऊ सुती कापड पुरे.

छताला टांगलेले काचेचे तेलाचे दिवे ठेवायचेच. निदान नेर तामीद (कायम तेवता ठेवायचा दिवा) आणि हेखालपुढचे दोन-चार खोबरेल तेलावर चालू राहू द्या, बाकीच्यांत सौम्य पिवळ्या उजेडाचे एलईडी बसवा. साखळ्या आणि आकडे दरवर्षी तपासा. वायरिंगसाठी चुन्याच्या भिंतीत खाचा पाडू नका, कपाटाआडून किंवा फळीच्या कडेने पाइप न्या. शब्बाथसाठी दिवे-पंख्यांना टायमर लावा. एसी नको: दमट हवेत थंड भिंतीवर दव धरतं आणि बुरशी हेखालच्या आतूनच सुरू होते.

लोक येऊ लागल्यावर

प्रदर्शनासाठी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे गावांचा नकाशा. दिवेकर, केहीमकर, पेणकर, नवगावकर, रोहेकर. आडनावात गाव आहे, पण इस्रायलमध्ये वाढलेल्या मुलांना ते जमिनीवर कुठे ते माहीत नसतं. चार फूट बाय सहा फुटांचा रायगडचा नकाशा, त्यावर आडनावांची गावं, आणि अलिबागजवळची दोन ठिकाणं ठळक: नवगावची दफनभूमी, जिथे पूर्वज किनाऱ्याला लागले अशी परंपरा आहे, आणि खंडाळ्याचा एलियाहू हनबीचा खडक. मजकूर मराठी, हिब्रू आणि इंग्रजीत, मराठी सगळ्यात वर. मूळ कागद काचेत न लावता त्यांच्या प्रती लावा; मूळ लावायचाच तर उजेड 50 लक्सच्या आत आणि तीन महिन्यांनी बदल.

कार्यक्रम समाजाच्या पंचांगातून निघावेत. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या सणाला, खंडाळ्याला जाणाऱ्यांचा मुक्काम, पेसाहच्या आधी मराठी हगादा मोठ्याने वाचायची बैठक, होळीच्या सणाला म्हणजे पुरीमला मुलांचं नाटक, एखाद्या रविवारी योसेफ किंवा दावीद राजाच्या आख्यानाचं मराठी कीर्तन. बेने इस्रायल कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकातली आहे आणि ती ऐकायला गावातले बाकीचेही आवडीने बसतात. बिरड्याच्या सणाच्या दिवशी मात्र गाणं-जेवणाचा कार्यक्रम ठेवू नका. तो बेथ हमिकदाशच्या, म्हणजे जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराच्या, शोकाचा उपास आहे.

स्वयंपाकघरात मांसाची आणि दुधाची भांडी कायम वेगळी हवीत. दोन ओटे परवडत नसतील तर आवारात फक्त शाकाहारी, दुधाविना जेवण असा नियम करणं सगळ्यात सोपं. मलिद्याला, म्हणजे एलियाहूच्या नावाने करायच्या गोड पोह्यांना, त्याची काहीच अडचण येत नाही. 50 माणसांना दोन किलो पोहे, सहा-सात नारळ, किलोभर साखर, वेलची आणि सुकामेवा पुरतो. पोहे धुऊन लगेच निथळायचे, नारळ ताजा खवायचा आणि मिसळायचं ते एलियाहूची प्रार्थना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी. दुपारच्या उकाड्यात खोबरं तीन-चार तासांत आंबतं. वर पाच तऱ्हेची फळं. किद्दूशसाठी (शब्बाथ-सणाला द्राक्षरसावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी) द्राक्षांचा रस मिळाला नाही तर काळे मनुके पाव किलोला लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, कुस्करून गाळावेत. पाणी वाढवून पुरवठा करू नका, फार पातळ झालं तर किद्दूशला चालत नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर सुरक्षेकडे डोळेझाक करता येत नाही. स्थानिक पोलीस ठाण्याला सणांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला लेखी द्या. पाहुण्यांची नावं आणि ओळखपत्राची प्रत आदल्या दिवशी घ्या. शब्बाथला लिहिणं चालत नाही, त्यामुळे शनिवारच्या पाहुण्यांची नोंद शुक्रवारी दुपारीच पूर्ण व्हायला हवी आणि दारात फक्त यादीशी नाव जुळवायचं. त्या दिवशी फोटो आणि माइक बंद, हे दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. किप्प्यांची (प्रार्थनेच्या टोप्यांची) टोपली दाराशी ठेवा.

दुरुस्तीसाठी जमलेल्या रकमेचा दहावा हिस्सा मुदतठेवीत ठेवून त्याचं व्याज फक्त देखभालीला वापरायचं, असा ठराव सुरुवातीलाच करा. दर मे महिन्यात कौलं चाळून फुटकी बदलायची, पन्हाळ आणि चर साफ करायचे, तुळयांच्या टोकांना सुळा लावून बघायचा. पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी चौकीदाराने हेखालची दारं आणि समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघडायच्या. दिवाळीनंतर सफेदीचा एक हात. हे सगळं एका वहीत तारखेसह लिहायचं, आणि ती वही मुकादमाच्या घरी न ठेवता सिनेगॉगच्या कपाटात ठेवायची.